सर्वसाधारण दर म्हणजे कोणाचा दर?

‘बिझनेस इंटेलिजन्स ॲनालिस्ट’ हे पद आता नोकरीच्या जाहिरातींत सर्रास दिसते. यातल्या इंटेलिजन्सचा मूळ अर्थ बुद्धिमत्ता नव्हे, खबर. १८६५ साली रिचर्ड मिलर डेव्हन्स याने हा शब्दप्रयोग सर हेन्री फर्नीस या सावकाराबद्दल केला. युरोपातल्या लढायांची खबर इतरांआधी मिळवून फर्नीस नफा कमावत असे. १९५८ मध्ये आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी तोच शब्द यंत्राने माहिती निवडून योग्य माणसाकडे पोचवण्याच्या पद्धतीला वापरला. आजही काम तेच आहे: विखुरलेल्या नोंदी गोळा करणे, त्या निवडून-पाखडून जोडणे आणि निर्णय घेणाऱ्यापुढे वेळेत ठेवणे.

हे काम मी कंपनीत शिकलो नाही. काबिलखानाने १७२५ साली बांधलेल्या गढीवरून ओळखल्या जाणाऱ्या जालन्यातील मस्तगड भागात बसून बाजारभाव वहीत उतरवता उतरवता शिकलो. भावाच्या तक्त्यात शेतमाल, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. पहिला प्रश्न इथेच येतो. आवकेपुढे शून्य आहे, म्हणजे माल आला नाही की बाजार बंद होता? तूर एकाच ओळीत दिली असेल, तर ती लाल की पांढरी? आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राचे ‘बीडीएन ७११’ हे वाण पांढऱ्या तुरीचे. दोन्हींची एकत्र सरासरी काढली, तर ती दोहोंपैकी कोणालाच लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न सरासरीचा. समजा, १०० क्विंटल सोयाबीन आले. १० क्विंटल ४,६०० रुपयांनी गेले, ९० क्विंटल ४,००० रुपयांनी. किमान-कमालाची मध्यसंख्या ४,३०० येते. आवकेचा भार धरला की सरासरी ४,०६० होते. सर्वाधिक माल मात्र ४,००० नेच गेला, आणि सर्वसाधारण दराने हेच सांगायला हवे. ४,३०० चा हिशेब मनात धरून २० क्विंटल आणणाऱ्याला ६,००० रुपये कमी मिळतात, तेही ऐन दिवाळीत.

तिसरा प्रश्न ओलाव्याचा. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी एरवी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि केंद्राने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. १८ टक्के ओलाव्याचे २० क्विंटल १२ टक्क्यांपर्यंत वाळवले, की सुमारे १८.६४ क्विंटल उरतात. म्हणून ओल्या मालाला आज ४,००० मिळत असतील, तर वाळलेल्याला साधारण ४,२९३ मिळाल्यावर कुठे बरोबरी होते. वाळवणीची मजुरी, कर्जाचे व्याज आणि सणाचा खर्च वेगळाच.

तेलगिरण्या, बियाणे कंपन्या आणि मोठे व्यापारी हा हिशेब करायला माणसे पगारावर ठेवू शकतात. समोर माल घेऊन उभ्या शेतकऱ्याकडे बहुधा फक्त कालचा कमाल दर असतो. त्याच्या घरातल्या शिकत्या मुलामुलींनी वहीत चार रकाने आखावेत: तारीख, आपल्या मालाचा ओलावा, मिळालेला दर, त्या दिवशीची आवक. तीन हंगाम ही वही नेटाने भरली, तर पुढच्या दिवाळीत ‘आज विकू की थांबू?’ या प्रश्नावर घरात बोलायला स्वतःचे आकडे असतील.