पोरगं वाचतं खडाखडा, पण उमगतं का?

शेतकरी बंधूंनो, कीटकनाशकाच्या डब्यासोबत बारीक अक्षरातलं माहितीपत्रक येतं. त्यातला मराठी भाग आज संध्याकाळी तुमच्या नववी-दहावीतल्या पोराला, पोरीला मोठ्यानं वाचायला सांगा. पुष्कळजण खडाखडा वाचतील. मग कागद काढून घ्या आणि विचारा, "आता सांग, पाण्यात औषध किती घालायचं? फवारल्यावर काढणीला किती दिवस थांबायचं?" इथं गाडी रुतते. आणि बऱ्याच घरांत वाचणारं तेच एक माणूस असतं!

अक्षर ओळखणं वेगळं, अर्थ लावणं वेगळं. अर्थाला शब्दांचं भांडवल लागतं. 'द्रावण', 'प्रादुर्भाव', 'प्रतिबंधात्मक' असं घरात कोण बोलतं? अहिराणी, कोरकू, गोरमाटी बोलणाऱ्या घरातल्या पोराला तर पुस्तकी मराठी निराळीच. दोष बोलीचा नाही. बोली पक्की असली की तिच्या आधारानं दुसरी भाषा शिकता येते. पण वरच्या वर्गात वाक्यं लांबतात, तयार उत्तरं पाठ होतात, पोरगं पास होतं आणि आपण निर्धास्त राहतो.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत खेड्यांतली १४ ते १८ वयाची मुलं तपासली. चौघांत एकाला स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारासुद्धा नीट वाचता आला नाही.

पोर कुठं अडतंय हे घरीच कळतं. तोच मजकूर तुम्ही किंवा शेजारच्यानं त्याला वाचून दाखवा. ऐकून समजलं, तर अडचण वाचण्यात. ऐकूनही नाही समजलं, तर शब्द कमी पडतात. मग त्याच्याशी बोला, रोज पेपरातली एक बातमी त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. डोकं चांगलं असून वर्षानुवर्षं अक्षरं चुकत असतील, तर आळशी म्हणून बडवू नका. ती अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, मुख्याध्यापकांना गाठा.

सरपंच-सदस्यांनो, ग्रामसभेची नोटीस फळ्यावर लावण्याआधी दहावीतल्या एखाद्या पोरीला वाचायला द्या आणि गावच्या बोलीत सांगायला लावा. ती जिथं अडेल तिथं अर्धं गाव अडत असणार. तेवढं वाक्य सोपं करून पुन्हा लिहा.