कुऱ्हाड आधी, घाव नंतर

2010 साली टोरांटोत एका भयपटाचं काम सुरू होतं आणि दिग्दर्शकापासून कलादिग्दर्शकापर्यंत सगळी मंडळी एका जुन्या सिनेमातली मोजकी मिनिटं थांबवून थांबवून बघत होती. सिनेमा जॉन कार्पेंटरचा 'द थिंग', साल 1982. त्यात अंटार्क्टिकातल्या अमेरिकन तळावरची दोन माणसं हेलिकॉप्टरने नॉर्वेच्या तळावर जातात. तिथे सगळी राखरांगोळी झालेली. लाकडात रुतलेली कुऱ्हाड. खुर्चीत बसल्या बसल्या नस कापून घेतलेला आणि रक्तासकट गोठून गेलेला माणूस. आतून पोकळ झालेली बर्फाची लादी. बाहेर एकमेकांत विरघळलेल्या दोन चेहऱ्यांचं जळकं प्रेत. कार्पेंटरने एवढं दाखवलं आणि तो पुढे गेला.

नव्या सिनेमाला नेमकं तेच सांगायचं होतं, की त्या तळावर आधी घडलं काय? निर्मात्यांना रिमेक नको होता. मोनालिसाला मिशा काढण्यासारखं होईल ते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रीक्वेल. दिग्दर्शक मॅथाइस फान हाइनिंगन ज्युनियर आणि लेखक एरिक हायसरर यांच्यासमोरचं काम म्हणजे पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तरावरून उलटं गणित रचणं. कुऱ्हाड आहे, म्हणजे कुणीतरी ती मारली पाहिजे. पोकळ लादी आहे, म्हणजे आतून काहीतरी निसटलं पाहिजे.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. 1982 च्या सिनेमासाठी नॉर्वेचा तळ म्हणून वेगळा सेट उभारलेलाच नव्हता. कॅनडात स्टुअर्ट गावाजवळ बर्फात बांधलेला अमेरिकन तळ शेवटच्या प्रसंगासाठी उडवून दिला, आणि त्याच्याच जळक्या सांगाड्यात नॉर्वेच्या तळाचे प्रसंग उरकून घेतले. काटकसरीतून सुचलेल्या त्या युक्तीचा सविस्तर इतिहास जवळपास तीस वर्षांनी दुसरी मंडळी लिहीत बसली होती!

तोही रिमेकच

'पूर्वीसारखं अस्सल काही होत नाही' असं म्हणणारे हमखास ज्याचा दाखला देतात, तो कार्पेंटरचा 'द थिंग' स्वतः रिमेक होता. मूळ कथा जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांची, 1938 सालची. परग्रहावरचा जीव कुणाचंही हुबेहूब रूप घेतो, त्यामुळे शेजारी बसलेला माणूस माणूसच आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, ही तिची कल्पना. हॉवर्ड हॉक्स यांनी 1951 मध्ये त्यावर सिनेमा काढला तेव्हा हे रूप बदलणं गाळून टाकलं. धिप्पाड जेम्स आर्नेसला मेकअप करून राक्षस म्हणून उभं केलं, आणि अंटार्क्टिकाऐवजी उत्तर ध्रुव घेतला. कार्पेंटर हॉक्सचा निस्सीम भक्त. त्याच्या 'हॅलोविन'मधली मुलं टीव्हीवर हाच सिनेमा बघत असतात. पण संधी मिळाल्यावर त्याने हॉक्सची नक्कल केली नाही. तो कॅम्पबेलकडे गेला आणि हॉक्सने सोडून दिलेलं अवघड कामच अंगावर घेतलं.

बाविशीतला कारागीर

रूप बदलणारा जीव दाखवायचा तर संगणक मदतीला नव्हता. जबाबदारी रॉब बॉटिनवर आली. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्याचं वय 22. रबर, फायबरग्लास, हायड्रॉलिक्स हे तर होतंच. पण पडद्यावर जे लसलशीत, किळसवाणं दिसतं त्यात बबलगम, मेयोनीज आणि डब्यातला क्रीम्ड कॉर्नही होता.

सिनेमातला सर्वांत गाजलेला धक्का कसा जमवला तो बघा. तळावरच्या बेशुद्ध नॉरिसच्या छातीवर डॉक्टर विजेचा झटका देतो, छातीचा जबडा होतो आणि डॉक्टरचे दोन्ही हात कोपराखाली कचकन तुटतात. त्यासाठी दोन्ही हात गमावलेला एक माणूस शोधला. त्याला डॉक्टरची भूमिका करणाऱ्या रिचर्ड डायसार्टच्या चेहऱ्याचा मुखवटा घातला, मेणाची हाडं आणि रबराच्या शिरा असलेले जिलेटिनचे हात बसवले आणि यांत्रिक जबडा मिटला. बघणाऱ्याचं लक्ष तुटलेल्या हातांवर. चेहऱ्याकडे बघतो कोण?

त्यानंतर नॉरिसचं डोकं धडापासून सुटून येतं. प्लास्टिक वितळवताना निघालेल्या वाफा सेटवर कोंडल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कॅमेऱ्यासमोर ज्वाळा हवी म्हणून आग पेटवली आणि भडका उडाला. सुदैवाने इजा कुणाला झाली नाही. बॉटिन वर्षभर सुट्टी न घेता स्टुडिओतच राहत, झोपत होता. श्वान-राक्षसाचं काम हाताबाहेर गेलं तेव्हा स्टॅन विन्स्टन हा दुसरा कारागीर धावून आला. काम संपल्यावर बॉटिनला थकव्यामुळे इस्पितळात भरती व्हावं लागलं.

एवढं करून 25 जून 1982 ला सिनेमा लागला आणि आपटला. दोनच आठवड्यांपूर्वी स्पीलबर्गचा 'ई.टी.' आला होता. गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात पडलेल्या प्रेक्षकाला हा बीभत्स पाहुणा नको होता. समीक्षकांनी झोडपलं, आणि कार्पेंटरच्या हातून 'फायरस्टार्टर' हा पुढचा सिनेमा गेला. सिनेमाला मान मिळाला तो पुढे, व्हिडिओ कॅसेटवर.

रबरावर चढवलेला थर

प्रीक्वेलच्या मंडळींना हा वारसा ठाऊक होता. म्हणून ॲलेक गिलिस आणि टॉम वुडरफ ज्युनियर या कसलेल्या जोडीकडून त्यांनी खरेखुरे, हलते राक्षस बनवून घेतले. नट त्यांच्यासमोर उभं राहून घाबरले. मग चित्रीकरणानंतर त्यातल्या बहुतेकांवर संगणकीय चित्रांचा थर चढला. शेवटासाठी अवकाशयानाचा परग्रही चालक बनवून त्याचं चित्रीकरणही झालं होतं. तो काढून तिथे चमकत्या चौकोनी तुकड्यांचा खांब आला. 2011 मध्ये सिनेमा आला, तोही 1982 च्याच नावाने, आणि चालला नाही.

गिलिस-वुडरफ यांनी आपल्या राक्षसांच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकल्या, तेव्हा पडद्यावर काय यायचं राहिलं ते लोकांना दिसलं. त्या हळहळीच्या जोरावर गिलिसने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेतीन लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम उभी केली आणि 'हार्बिंजर डाउन' हा सिनेमा काढला. तोही बर्फाळ समुद्रातला, तोही रूप बदलणाऱ्या जिवाचाच. म्हणजे कल्पना पुन्हा उसनीच. लोकांनी पैसे दिले ते कल्पनेसाठी नव्हे, हातांच्या कामासाठी.

एकच प्रीक्वेल, दोनदा

झालेलं काम बदलून टाकणं याहून महाग पडल्याचं उदाहरण 'द एक्सॉर्सिस्ट'च्या प्रीक्वेलचं. जॉन फ्रँकनहायमर आजारपणामुळे बाजूला झाले, मग 'टॅक्सी ड्रायव्हर'चे लेखक पॉल श्रेडर यांनी सिनेमा पूर्ण चित्रित केला. निर्मात्यांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही. त्यांनी रेनी हार्लिनला बोलावून जवळपास सगळं नव्याने चित्रित करून घेतलं. नायक स्टेलान स्कार्सगार्ड तोच, छायालेखक व्हिटोरियो स्टोरारोही तेच! हार्लिनची आवृत्ती 2004 मध्ये आली आणि टीकेची धनी झाली. तेव्हा 2005 मध्ये कपाटातली श्रेडरची आवृत्तीही बाहेर काढली. मूळ कादंबरीकार विल्यम पीटर ब्लॅटी यांनी कौल दिला तो श्रेडरच्या बाजूने.

आपल्याकडेही उसनवारी आहेच. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' 1993 चा, आणि बाहुल्यात शिरलेल्या गुंडाची 'चाइल्ड्स प्ले'मधली कल्पना 1988 ची. तरी 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आपला वाटतो, कारण तो रामदास पाध्यांच्या बाहुल्यातून आणि दिलीप प्रभावळकरांच्या खलनायकीतून घडला. उसनं काय घेतलं यापेक्षा त्यावर कुणी किती राबलं, आणि राबलेलं पडद्यावर येऊ दिलं की नाही, एवढंच भयपटात टिकतं.

रॅझी ते ऑस्कर

कार्पेंटर एरवी आपलं संगीत आपणच करतो. 'द थिंग'साठी मात्र त्याने एन्नियो मोरिकोने यांना बोलावलं. त्यांनी रचलेलं बरंचसं संगीत वापरलंच गेलं नाही, आणि जे वापरलं त्याला सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'द हेटफुल एट'साठी नवं संगीत करायला मोरिकोनेंकडे वेळ अपुरा होता. तेव्हा नव्या रचनांच्या जोडीला त्यांनी 'द थिंग'चे ते पडून राहिलेले तुकडे दिले. 2016 मध्ये वयाच्या 87 व्या वर्षी या सिनेमाने त्यांना स्पर्धेतलं पहिलं ऑस्कर मिळवून दिलं. पुरस्काराचा विभाग होता 'सर्वोत्कृष्ट मूळ पार्श्वसंगीत'.