कॉम्प्युटरमधून ‘टक-टक’ आवाज येऊ लागला तर…

घरातला कॉम्प्युटर बहुतेक वेळा एकाएकी मरत नाही. आधी तो रेंगाळतो. सकाळी बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतच असते. एखादा फोल्डर उघडताना सगळे अर्धा-एक मिनिट गोठते आणि मग जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. फोटो उघडावा तर वरचा भाग दिसतो, खाली नुसता करडा पट्टा. कधी सुरू होतानाच निळा पडदा येतो. आपण म्हणतो, जुना झाला. शेजारी म्हणतात, व्हायरस असेल. मुले म्हणतात, रॅम वाढवा. यातले काहीही खरे असू शकते. पण ही लक्षणे एकत्र आली आणि त्या डब्यातून (ज्याला आपण सगळेच उगाच ‘सीपीयू’ म्हणतो) ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला, तर पहिला संशय हार्ड डिस्कवर घ्यावा.

आणि एकदा हा संशय आला की प्रश्न यंत्राचा राहत नाही. डिस्क काय, बाजारात नवी मिळते. आपाच्या निकाहचे फोटो मिळत नाहीत. मरहूम अब्बांनी हजहून परतल्यावर सगळ्यांना बसवून सांगितलेल्या हकिगतीचे चित्रण मिळत नाही. दुकानाचा पाच वर्षांचा हिशेब, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, मुलीचा प्रबंध, हे सारे त्या हाताच्या पंजाएवढ्या डबीत असते आणि बहुतेक घरांत त्याची दुसरी प्रत नसते.

त्या डबीत नेमके काय चालते हे समजले तर पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतात. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. घरगुती डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. म्हणजे ७२०० वाली डिस्क एका सेकंदात १२० फेरे घेते. या चकत्यांवर एका बारीक दांडीच्या टोकाला वाचणारे-लिहिणारे ‘हेड’ हवेच्या पातळ थरावर तरंगत असते. चकती आणि हेड यांच्यातले अंतर अवघे काही नॅनोमीटर. माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना करावी. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली डिस्क यंत्रणा आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज एका मोबाइल फोटोलाही तेवढी जागा पुरेलच असे नाही. आकार लहान झाला, जागा वाढली, पण तत्त्व तेच राहिले: फिरती चकती आणि तिच्यावर तरंगणारे हेड. ते हेड एकदा का चकतीला घासले की तिथला चुंबकीय थर खरवडला जातो, आणि त्याबरोबर तिथला मजकूरही. खरवडलेला कण पुन्हा आत फिरत राहतो आणि नवे ओरखडे पाडतो. टक-टक आवाज म्हणजे बहुधा ते हेड आपली जागा शोधते आहे, सापडत नाही म्हणून मागे जाते आहे, पुन्हा येते आहे. अशा वेळी डिस्क चालू ठेवणे म्हणजे लचकलेल्या पायाने जिना चढणे.

म्हणून आवाज येत असेल तर कॉम्प्युटर ताबडतोब बंद करावा. ‘एकदा पुन्हा चालू करून बघू’ हा मोह आवरावा. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवण्याचा एक जुना नुस्खा अजून सांगितला जातो. त्याने आत दव जमते आणि उरलेसुरलेही जाते. टिचक्या मारू नयेत. स्क्रू काढून झाकण उघडू तर मुळीच नये. आपल्या खोलीतल्या हवेतला धुळीचा एक कण त्या हेडपुढे डोंगराएवढा असतो. डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा हे काम धूळमुक्त खोलीत करतात, ते उगाच नव्हे.

आवाज नसेल, नुसती मंदगती आणि अडखळणे असेल, तर घरी बरेच काही करता येते. पण क्रम महत्त्वाचा. आमच्या ओळखीच्या एका घरात थोरल्या मुलीचे एम.एड.चे काम अंतिम टप्प्यात होते आणि कॉम्प्युटर अडखळू लागला. धाकट्या भावाने कुठेतरी वाचून रात्री ‘चेक डिस्क’ हा विंडोजमधला दुरुस्तीचा कार्यक्रम लावला आणि तो झोपला. हा कार्यक्रम डिस्कचा कानाकोपरा वाचतो, खराब जागी पुन्हा पुन्हा धडका मारतो आणि हिशेब जुळत नसेल तर फाइलींच्या नोंदी आपल्या मताने बदलतो. निरोगी डिस्कवर ते ठीक आहे. मरणासन्न डिस्कसाठी ती रात्र जड गेली. सकाळी डी ड्राइव्ह दिसेना. प्रबंधाच्या प्रती गाइडबाईंच्या ई-मेलमध्ये होत्या, त्यामुळे ते निभावले. अम्मी मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी रडत होत्या. नानी गोष्टी सांगायच्या त्याची रेकॉर्डिंग त्याच ड्राइव्हवर होती आणि नानी आता नाहीत. नंतर तीन दिवस खपून बऱ्याच फाइली निघाल्या. नानींच्या अकरा गोष्टींपैकी सात पूर्ण मिळाल्या, दोन अर्ध्या. मुलाचा हेतू चांगला होता. पण आधी प्रत आणि मग दुरुस्ती, हा क्रम त्याला कोणी सांगितला नव्हता.

तेव्हा पहिले काम म्हणजे जे हवे ते बाहेर काढणे. बाहेरची डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह जोडावा आणि सगळा ड्राइव्ह एकदम उचलायला जाऊ नये. ज्याला पर्याय नाही ते आधी: आवाज, घरचे फोटो, कागदपत्रे. सिनेमे आणि गाणी शेवटी, नाही निघाली तरी चालतील. एखाद्या फाइलीवर गाडी अडली तर ती सोडून पुढे जावे. सुरू होताना विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला निघाली तर पडद्यावरची सूचना वाचून ती तपासणी वगळावी. आणि ‘ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करा’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’, दुसरे काही नाही.

विंडोजच सुरू होत नसेल तरी डिस्क गेली असे समजू नये. उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवता येते आणि तिच्यातून फाइली दिसतात. थोडा जाणकार माणूस हाताशी असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत कार्यक्रम फार उपयोगी आहे. तो आधी डिस्कचा धडधाकट भाग उचलतो, खराब जागा बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. कुठवर आलो याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी रिकामी डिस्क लागते. कोणती जुनी आणि कोणती नवी हे दोनदा, तीनदा तपासावे, कारण उलटे झाले तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा जुनीवर उतरतो. दुरुस्तीचे जे प्रयोग करायचे ते मग त्या प्रतीवर करावेत.

जुनी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला यूएसबी अडॅप्टरने जोडता येते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो, तो नसेल तर ती फिरणारच नाही आणि आपण तिला मेली समजू. नव्या विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप असू शकते. त्याची लांबलचक किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवलेली बरी.

प्रत हाती आली की निदान. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम डिस्कने स्वतःच ठेवलेली ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही उघडून दाखवतो. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल म्हणजे संपले. त्यात तीन ओळी पाहाव्यात: बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. तिन्हींपुढे शून्य असावे. आकडा आहे आणि दर आठवड्याला वाढतो आहे, तर त्या डिस्कवर विश्वास ठेवू नये. मात्र ‘सीआरसी’ त्रुटींचा आकडाच वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसून तिला बोर्डाशी जोडणाऱ्या पातळ साटा केबलचा असतो. कॉम्प्युटर बंद करून केबल काढून घट्ट बसवावी किंवा बदलावी. काही वेळा ‘मेलेली’ डिस्क एवढ्यानेच उठते आणि दुकानदाराची एक विक्री हुकते.

या नोंदवहीवर किती विसंबावे? गूगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांपेक्षा ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार नोंदींत आधी काहीच दाखवले नव्हते. लाल रंग दिसला तर घाबरावे. निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, त्यामुळे ती आवाजही करत नाही. चालता चालता गप्प होते, आणि तिच्यातून पुसलेले परत मिळणेही फिरत्या डिस्कपेक्षा पुष्कळ अवघड.

दुकानात द्यायची वेळ आली तर आधी तोंड उघडावे. पुष्कळ ठिकाणी पहिला उपाय ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ हाच असतो आणि त्यांच्या दृष्टीने काम झालेले असते. ‘मला कॉम्प्युटर नको, आतले हवे आहे’ हे स्पष्ट सांगावे, पावतीवर लिहून घ्यावे. दुसरी गोष्ट घरातल्या बायका-मुलींच्या फोटोंची. डिस्क ही अमानत आहे हे मानणारा, जमल्यास समोर बसून काम करू देणारा माणूस शोधावा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुढच्यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे खालाच्या कपाटातली डिस्कही चालते; गूगलच्या खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, त्यात कागदपत्रे सहज मावतात. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाली की काढून ठेवावी. सतत जोडलेली असेल तर वीज आली-गेली की दोन्ही एकदमच जातील. जिथे दिवसातून चारदा वीज जाते तिथे यूपीएस ही चैन नव्हे.

राहिली ती जुनी डिस्क. फॉरमॅट केली तरी आतले परत काढता येते, म्हणून चालू असेल तर तिच्यावर पूर्ण नवे लिहून पुसावी. बंद असेल तर सुताराकडून ड्रिलने चकत्यांतून दोन-तीन भोके पाडून घ्यावीत, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काही चकत्या काचेच्या असतात. मग भंगारवाल्याला द्यावी.