पटावरची लढाई पाहावी कशी?

इवले सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळाची नियमावली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिली. आजच्या बहुतेक खेळांत पट्टीने अंतर मोजतात व फासे टाकून निकाल लावतात. अमरावतीत मला असा डाव मांडणारा जोडीदार अजून भेटला नाही. म्हणून मी चित्रफितींवरच भागवतो.

तीन-चार तासांचा डाव तासाभरात बसवायचा म्हणजे काटछाट आलीच. ती चांगली कोणती? प्रत्येक फेरीआधी वरून घेतलेले पटाचे दृश्य हवे. मोजलेले अंतर व पडलेले फासे दिसावेत. विचारात गेलेला वेळ खुशाल कापावा, पण खेळीचे कारण सांगावे.

समजा, कोणी आपल्या अकोला जिल्ह्यातील अडगावची लढाई मांडली. नोव्हेंबर १८०३ मध्ये तेथे मराठ्यांच्या तोफांपुढे इंग्रजांच्या तीन पलटणी बिथरून मागे पळाल्या. वेलस्लीने त्या सावरल्या, त्यानंतरच इंग्रजांची सरशी झाली. डिसेंबरात गाविलगडही पडला. पलटणी बिथरतात तो फासाच कापला, तर पाहणाऱ्याला वाटेल की आपला पराभव आधीच ठरलेला होता. विद्यार्थीमित्रांनी चित्रफीत निवडताना म्हणूनच आधी फासे दिसतात की नाही, एवढे पाहावे.