आहारविकार आणि मुलाचा ताबा

पर्युषणातील उपवास आत्मशुद्धीसाठी असतो. वजनाच्या भीतीने अन्न टाकणे किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणे हा मात्र आजार आहे. तपाचे कौतुक असलेल्या आपल्या घरांत तो सहज झाकला जातो. संसार मोडू लागला की तोच न्यायालयात शस्त्र होतो : ‘जी स्वतः जेवत नाही, ती मूल काय सांभाळणार?’

जैनांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे एक कारण आहे. परंतु नुसते निदान पुरेसे नाही, विकाराची तीव्रता पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले. ताबा ठरवताना, १९५६ च्या पालकत्व कायद्यानुसार, मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते.

बँकेत असताना थकबाकी दडविणाऱ्यापेक्षा ती मान्य करून हप्ते फेडणाऱ्यावर आमचा अधिक विश्वास बसे. न्यायालयातही नियमित उपचारांची कागदपत्रे आईची बाजू सावरू शकतात. म्हणून अब्रूच्या धाकाने आजार लपवू नये. लेक असो वा सून, आधी डॉक्टरांकडे न्यावे, वकील नंतर.