विश्लेषण : ‘काशिमावो’, ‘मालोमो’, ‘कोसोको’... मूल जगावे म्हणून ठेवलेली नावे काय सांगतात?

नायजेरियात १२ जून हा ‘लोकशाही दिन’ म्हणून पाळला जातो. १९९३ मध्ये याच दिवशी झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उद्योगपती मोशूद अबियोला जिंकत असल्याचे स्पष्ट झाले होते. पण लष्करी राजवटीने ती निवडणूकच रद्द केली. पुढे १९९८ मध्ये कैदेत असतानाच त्यांचे निधन झाले. अबियोला यांच्या पूर्ण नावात ‘काशिमावो’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘थांबून बघू या’. अबियोला हे वडिलांचे २३ वे अपत्य. त्यांच्याआधीच्या २२ पैकी एकही मूल जगले नव्हते. हे तरी जगते का ते बघू, मग काय ते नाव ठेवू, असा तो सावध पवित्रा होता. असे नाव मिळालेले अबियोला एकटे नव्हेत.

योरुबा समाजात नाव कसे ठेवतात?

योरुबा हा प्रामुख्याने नैर्ऋत्य नायजेरियात आणि शेजारच्या बेनिनमध्ये राहणारा समाज. त्यांच्याकडे बारसे आठव्या दिवशी होते. मध, मीठ, पाणी, कोला नावाचे फळ यांची चव बाळाला दिली जाते आणि प्रत्येक पदार्थासोबत एक आशीर्वाद असतो. ‘आधी घराकडे पाहावे, मग मुलाचे नाव ठेवावे’ अशा अर्थाची म्हण या समाजात आहे. म्हणजे घरात काय घडले, हे नावात उतरते.

काही नावे तर मूल जन्मतःच घेऊन येते, असे मानले जाते. जुळ्यांपैकी आधी जन्मलेला ‘ताइवो’, म्हणजे जगाची चव घेणारा. नंतरचा ‘केहिंदे’, म्हणजे मागून आलेला. गंमत म्हणजे थोरला मान केहिंदेला मिळतो. जग कसे आहे ते पाहायला त्यानेच ताइवोला पुढे पाठवले, अशी समजूत आहे. जन्मताना चेहरा खाली असलेले मूल ‘अजायी’. १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले सॅम्युएल अजायी क्राउथर यांच्या नावात हेच दिसते.

‘अबिकू’ म्हणजे काय?

‘अबिकू’चा अर्थ ‘मरण्यासाठी जन्मलेले’. एकाच आईची मुले एकामागून एक दगावू लागली, की ती वेगवेगळी मुले नसून एकच आत्मा पुन्हा पुन्हा जन्म घेतो आणि परत जातो, असे समजले जाई. शेजारच्या इग्बो समाजात हीच कल्पना ‘ओग्बांजे’ या नावाने आहे. बेन ओक्री यांच्या १९९१ मध्ये बुकर पुरस्कार मिळालेल्या ‘द फॅमिश्ड रोड’ या कादंबरीचा निवेदकही असाच एक मुलगा आहे.

या नावांत कोणती विनवणी असते?

पुढचे मूल जन्मले, की त्याला थेट नावातूनच थांबवले जाई. ‘मालोमो’ म्हणजे आता पुन्हा जाऊ नकोस. ‘बांजोको’ म्हणजे माझ्याजवळ बस. ‘दुरोजाये’ म्हणजे थांब, आयुष्याचा आनंद घे. ‘दुरोसिन्मी’ म्हणजे निदान मला माती देण्यासाठी तरी थांब. काही नावांत धाक आहे. ‘कोसोको’चा अर्थ ‘कुदळच नाही’. पुन्हा मेलास तर खड्डा खणायला अवजार उरलेले नाही, असे मुलाला बजावलेले असते. १८४५ ते १८५१ या काळात लागोसच्या गादीवर असलेल्या राजाचे नाव कोसोकोच होते. ‘इग्बेकोयी’ म्हणजे याला रानानेही नाकारले. मूल नकोसे भासले, तर मृत्यूही त्याच्याकडे पाहणार नाही, हा त्यामागचा विचार. मराठी घरांत मुले जगत नसली, की धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवत. त्यामागची भीती हीच होती.

विज्ञान काय सांगते?

हिवताप, गोवर, अतिसार अशा अनेक कारणांनी मुले दगावत. मात्र एकाच घरात वारंवार मृत्यू का, याचे एक उत्तर संशोधकांना सिकलसेल आजारात दिसते. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन सुरुवातीचे काही महिने संरक्षण देते. त्यामुळे बाळ जन्मतः धडधाकट दिसते आणि नंतर आजारी पडू लागते. सगळे ‘अबिकू’ सिकलसेलचे रुग्ण होते असे म्हणता येत नाही, पण लक्षणे बऱ्याच अंशी जुळतात. नायजेरियात दरवर्षी सुमारे दीड लाख बाळे या आजारासह जन्मतात, असा अंदाज आहे. जगातील सर्वाधिक भार याच देशावर आहे.

या समजुतीची झळ कोणाला बसली?

मृत बाळ परत आले तर ओळखता यावे, म्हणून त्याच्या शरीरावर खुणा केल्या जात. आईला बोल लावला जाई, सततच्या दुखण्याने रडणाऱ्या मुलाला हट्टी आत्मा ठरवले जाई. दोष आई-वडील दोघांच्या जनुकांतून येतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

आता काय बदलले?

नायजेरियात आज लग्नाआधी ‘जीनोटाइप’ विचारणे सर्रास झाले आहे. अनेक चर्च तर तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय लग्न लावत नाहीत. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातही हा आजार आढळतो. भारतात जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे.

‘बांजोको’, ‘दुरोसिन्मी’, ‘कोसोको’ ही नावे नायजेरियात आता आडनावे म्हणूनही सर्रास दिसतात. ज्या मुलाला कधी काळी ‘थांब’ म्हणून विनवले होते ते थांबले, मोठे झाले, त्याला मुले झाली, म्हणूनच ते नाव पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचले.