टॉवेलला जर्मन भाषेत ‘हांटटूख’ का म्हणतात?

सोलापूरच्या चादरीप्रमाणेच इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन (जीआय) आहे. टॉवेलला जर्मन भाषेत ‘हांटटूख’ म्हणतात. ‘हांट’ म्हणजे हात, ‘टूख’ म्हणजे कापड. दोन्ही जोडून एक शब्द, आपल्या समासासारखाच. लिंग ठरवतो शेवटचा शब्द. ‘हांट’ स्त्रीलिंगी, ‘टूख’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘हांटटूख’ही नपुंसकलिंगी. मराठीत ‘ती बस’ असली तरी ‘ते बसस्थानक’ म्हणतात, तसेच हे.

आपला ‘हातरुमाल’ याच घडणीचा वाटतो. पण ‘रुमाल’ हा मुळात फारसी जोडशब्द आहे. ‘रू’ म्हणजे चेहरा, ‘माल’ म्हणजे पुसणारा. म्हणजे हातरुमाल झाला हातातला तोंडपुसणा!

मग ‘टॉवेल’ कुठला? इंग्रजीने तो फ्रेंचकडून घेतला. पण फ्रेंचमध्ये तो जर्मनिक भाषेतूनच आला. मूळ अर्थ धुण्याशी जोडलेला. जर्मनमध्ये त्याच कुळातला ‘त्स्वेले’ हा शब्द होता. ‘हांटटूख’ने त्याला मागे सारले आणि तो बोलींपुरता उरला. पोर्तुगीज ‘तुआल्या’ही याच मुळाचा. त्यावरून तेलुगूत ‘तुव्वालु’ आला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांची मातृभाषा तेलुगूच. जर्मनांनी बाजूला ठेवलेल्या शब्दाचा भाऊबंद त्यांच्या भाषेत असा नांदतो आहे.

शब्द सीमा ओलांडतात, मानांकन ओलांडत नाही. भारतातली जीआय नोंदणी भारतापुरतीच लागू असते. जर्मनीच्या बाजारात ‘सोलापूर’ या नावाला संरक्षण हवे असेल, तर त्यासाठी तिकडे वेगळी नोंदणी करावी लागते.